तारेवरचे दोनशे गणवेश

बोईसर
१४ जुलै २०२४

प्रिय पंढरी,

तुझ्या शाळेच्या टेकडीवर फोन लागत नाही आणि लागला तरी तू उचलत नाहीस, तेव्हा आपलं टपालच बरं. शिवाय चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला असताना दोन वर्षं आपण अक्षरलेखनाच्या नावाखाली बोटं काळी केली, ती काय अंगठ्याने मोबाइल दाबण्यासाठी?

शाळा सुरू झाली. यंदा नववीत बेचाळीस मुलं. संकल्पचित्राची मूलतत्त्वं शिकवायला घेतली आहेत: तोल, लय, विरोध, प्राबल्य, एकता. आठवड्याला एक. माझा तक्ता तू पाहिलेला आहेस. तीस वर्षांत लॅमिनेशन दोनदा बदललं, तक्ता तोच. गेल्या खेपेला इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत माझ्या अकरा मुलांना ए ग्रेड मिळाली.

बातमी अशी, की सप्टेंबरअखेर पालघरला चित्रकला शिक्षक मंडळ जिल्ह्यातल्या मुलांच्या संकल्पचित्रांचं प्रदर्शन भरवत आहे. तीन परीक्षक आहेत, मी मुख्य. चित्रांवर नाव नसतं, फक्त क्रमांक, त्यामुळे माझ्या शाळेची मुलं असली तरी अडचण नाही. पहिल्या तिघांना मे महिन्यात कला महाविद्यालयातल्या शिक्षकांबरोबर पंधरा दिवसांचं शिबिर. दहावीनंतर पुढे जाणाऱ्या मुलाला ती मोठीच वाट आहे. तुझ्या मुलांची कामं जरूर पाठव.

एक विचारायचं राहिलं. जूनमधल्या प्रशिक्षणाला तू आला नाहीस. तिथे प्रशिक्षक रूपाली मॅडमनी तुझ्या मुलांच्या कामाचे फोटो पडद्यावर दाखवले. अर्धा तास. माझ्या वर्गाचा एक फोटो होता, तोही मुलं रांगेत उभी असलेला. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "हे तुमचे मित्र ना?" मी म्हटलं, "एका बाकावर होतो." रंग नाहीत, धड कागद नाही, मग तू मुलांना तोल शिकवतोस तरी कशावर?

तुझा,
कमलाकांत


आश्रमशाळा
४ ऑगस्ट २०२४

कमळ्या,

तक्ता आमच्याकडं पण होता. वाळवीनं खाल्ला. तेव्हापासून माझं शिकवणं सुधारलं बघ.

तोल शिकवायला मी मैदानात एक फळी मांडली, खाली मधोमध दगड. एका टोकाला भावेशला बसवलं. सातवीतला आहे, पण अंगानं पैलवान. दुसऱ्या टोकाला मंगळी, नववीतली, काडी पैलवान. ती वर लटकली आणि पोरं खिदळायला लागली. मी म्हटलं, माणसं तीच ठेवायची, तरी फळी सपाट करून दाखवा. पाच मिनिटं गोंधळ घातला. मग मंगळीच ओरडली, "ए भावेश, तू मधी सरक." तो दगडाजवळ सरकला, ती टोकाला बसून राहिली, फळी सपाट! मग वर्गात नेऊन प्रत्येकाला एक मोठा काळा तुकडा आणि एक छोटा दिला आणि म्हटलं, आता हीच फळी कागदावर करा. विरोधासाठी कोळसा आणि चुना. बाकी जुनी कॅलेंडरं, वर्तमानपत्रं, भाताची खळ. एवढंच भांडवल.

ही मंगळी एक निराळीच पोर आहे. बाप जिव्या, डोंगरउतारावर पावसापुरतं भात करतो, दिवाळी झाली की कुटुंब घेऊन वीटभट्टीवर जातो. ही सहावीपासून वसतिगृहात राहते म्हणून शाळा टिकली. तुकडे चिकटवून झाल्यावर मला विचारते, "सर, मोकळ्या जागंला पन वजन असतं का?" गड्या, मला शिकवायला लागून अठ्ठावीस वर्षं झाली. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही कोर्सच्या आपल्या सरांना विचारला नव्हता. तू विचारला होतास का?

पंढरी


बोईसर
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय पंढरी,

फळीचा प्रयोग वाचला. मुलांना मजा आली असणार. पण परीक्षकाला फळी दिसत नाही, कागद दिसतो. कडा फाटलेल्या, खळीचे डाग पडलेले तुकडे बघून तो काय तोल मोजणार? राहिला मोकळ्या जागेचा प्रश्न. तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात सोडवलेला आहे. मुलीला पुस्तक द्यावंस.

एक सुचवतो, राग मानू नकोस. तिला वारली पद्धतीचं काढायला सांग. पालघरमध्ये डोंगरातल्या मुलीकडून लोक तेच धरून चालतात आणि मान्यवरही खूश होतात. उगाच आधुनिक काहीतरी करायला लावलंस तर त्यात तुझी आवड दिसेल, तिची नाही.

माझी हेतल यंदा तयार आहे. धर्मेशभाईंची मुलगी, त्यांचं स्टेशनभागात स्टेशनरीचं दुकान आहे. एका वर्तुळात आठ पाकळ्यांची रचना, कडेने जाळी, निळ्याच्या पाच छटा. रंग कुठे बाहेर गेलेला नाही. मुलगी मेहनती, सांगितलं ते ऐकते.

तुला कोर्सच्या दुसऱ्या वर्षातला तो सोमवार आठवतो का? सरांनी माझा कागद वर धरला, म्हणाले, "स्वच्छ." मग तुझा धरला आणि काहीच बोलले नाहीत. घंटा झाली, मुलं उठली, तरी ते कागद धरून उभेच. परवा फळ्यावर वर्तुळ काढताना उगाच आठवलं.

कमलाकांत


आश्रमशाळा
८ सप्टेंबर २०२४

कमळ्या,

मला तो सोमवार आठवत नाही. कागद कशाचा होता तेही नाही. तुझी स्मरणशक्ती दांडगी.

वारलीचं मी मंगळीला विचारलं. तुझं नाव सांगून विचारलं. म्हणाली, "ते माजी आजी लग्नात काडते, भितीवर. मला नाय येत तिच्यासारका. मला कपडे काडायचे हायत."

आणि कपडेच काढले. श्रावणात दोन दिवस ऊन पडलं, तेव्हा वसतिगृहाचे दोनशे गणवेश एकदम तारेवर चढले. आकाशी सदरे, निळ्या चड्ड्या, निळे स्कर्ट, सगळे उलटे, बाह्या खाली लोंबलेल्या. तिनं कॅलेंडरच्या कागदातून ते कापले. डाव्या अंगाला सदऱ्यावर सदरा, नुसती दाटी. दोन बाह्यांमधून पांढरे त्रिकोण डोकावतात, ते मोजून ठेवल्यासारखे, पण मोजलेले नाहीत. मग उजवीकडं कागद जवळजवळ रिकामा. नुसती तार. आणि अगदी कडेला, छोटंसं, पिवळं लुगडं. तिची आई भेटायला आली होती, वाटेत ओढा ओलांडताना भिजली होती, तिचं ते. कमळ्या, ते एवढंसं लुगडं दोनशे गणवेशांना उचलून धरतं. मंगळीनं फळी कागदावर केली.

मी दारात बसून होतो, बोट लावलं नाही. काल कुरिअरनं पाठवलं. तू बघशीलच. तू बघणार म्हणूनच मला जास्त आनंद आहे.

पंढरी


बोईसर
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय पंढरी,

प्रदर्शन पार पडलं. एकशे बारा कामं आली होती. उद्घाटन, हारतुरे, भाषणं, सगळं यथासांग.

तुझ्या मुलीचं काम निवडलं गेलं नाही हे कळवताना वाईट वाटतं. माझ्याबरोबर वर्षाराणी मॅडम आणि एकनाथ सर परीक्षक होते. अशा वेळी एकट्याच्या मताला किंमत नसते, हे तू जाणतोसच. कामाच्या पद्धतीबद्दल शंका निघाली. मी जितकं बोलायचं तितकं बोललो. टंकलिखित यादी शाळांना जाईल, तीत शेरे असतील. ते फार मनावर घेऊ नये.

हेतलला पहिला क्रमांक मिळाला. नावं उघडल्यावरच कळलं.

सध्या सहामाहीची गडबड आहे. पत्राला उशीर झाला तर समजून घे.

कमलाकांत


आश्रमशाळा
१३ ऑक्टोबर २०२४

कमळ्या,

तू तिच्या बाजूनं भांडलास, तेवढं मला पुरे. तिघांत दोघं विरुद्ध गेले तर तू काय करणार? हेतलचं अभिनंदन, पोरीला माझा आशीर्वाद सांग.

यादी आली. मुख्याध्यापकांनी ती आधी मला दाखवली असती तर बरं झालं असतं. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी, सगळी शाळा बसलेली असताना वाचली. "मंगळी जिव्या. बाद. शेरा : शिक्षकाच्या हाताची मदत स्पष्ट दिसते." लहान पोरांना अर्थ कळला नाही. मोठ्यांना कळला. भावेशनं उभं राहून सांगितलं, "सर, तिनंच काडलाय, आमी बगलाय." त्याला खाली बसवलं.

मंगळी रडली नाही. दुपारी माझ्याकडं येऊन विचारलं, "सर, तुमी कदी काडलां माजं?" मी म्हटलं, नाही काढलं बाई. "मग त्यांना कसा दिसला?"

सुट्टी लागेल आता. नंतर लिहितो.

पंढरी


आश्रमशाळा
३० नोव्हेंबर २०२४

कमळ्या,

माझ्या मागच्या पत्राला उत्तर नाही. कामात असशील.

दिवाळीची सुट्टी संपली, पोरं परत आली. मंगळी आली नाही. पाड्यावर गेलो तर घराला कडी. शेजारीण म्हणाली, सगळी भट्टीवर गेली, मंगळी पण. चार वर्षांत पहिल्यांदा ती आईबापाबरोबर गेली. रविवारी दोन एसट्या बदलून भिवंडीकडच्या त्या भट्टीवर पोचलो. भट्टीच्या कडेला पाचटाच्या झोपड्या, समोर कच्च्या विटांच्या रांगा. ती विटा उलटवत होती. मला बघितलं आणि पुढच्या रांगेला गेली.

जिव्या आला, हात पुसत. म्हणाला, "सर, तुमचा राग नाय. पन भर शालेत तिला चोर केला. ती म्हनते, हितं वीट थापली तर कोनी नाय बोलत दुसऱ्यानं थापली. मी काय बोलू तिला?"

मी तासभर थांबलो. ती आली नाही. तिच्या आईनं चहा दिला.

तुला एक विचारतो. तिघांत तो शेरा लिहिणारा कोण रे? तू तिथं होतास, तुला माहीत असेल. मला त्या माणसाशी भांडायचं नाही. फक्त एवढंच विचारायचं आहे, की त्याला नक्की काय दिसलं.

पंढरी


बोईसर
१२ डिसेंबर २०२४

पंढरी,

तो शेरा मी लिहिला.

हे वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले. आधीची चार पत्रं फाडली, कारण प्रत्येकात ह्या वाक्याच्या आधी काहीतरी होतं.

त्या दिवशी सभागृहात टेबलांवर कामं मांडलेली होती. सत्तेचाळीस क्रमांकाचं काम मी दहा पावलांवरून ओळखलं. ओळखणारच, तू सगळं वर्णन लिहिलं होतंस. तरी तू लिहिलेलं काहीच नव्हतं असं वाटावं इतकं ते चांगलं होतं. मी दूरच्या टेबलाकडून सुरुवात केली. मागे वळून पाहिलं तर वर्षाराणी मॅडम सत्तेचाळीससमोर उभ्या. मी चार टेबलं करून आलो तरी तिथेच. मी विचारलं, "काय मॅडम?" त्या नुसत्या हसल्या. पंढरी, पस्तीस वर्षांपूर्वी सर तुझा कागद धरून असेच उभे होते. मला जो राग आला तो त्या मुलीचा नव्हता. ती तर मला दिसतच नव्हती. मला फक्त तू दिसत होतास, दारात बसलेला, बोटही न लावता जिंकलेला.

मी म्हटलं, हे मुलाचं काम नाही, शिक्षकाचा हात आहे. एकनाथ सर म्हणाले, "खात्री आहे?" मी म्हटलं, "तीस वर्षं मुलांची कामं बघतोय." मुख्य परीक्षक मी. त्यांनी मान डोलावली. मॅडमनी डोलावली नाही, पण वादही घातला नाही. मग मी चिठ्ठी लिहिली आणि स्वतः मागे चिकटवली.

आणि तुला लिहिलं, की मी बोललो. ते तेवढं खरं होतं.

आता ह्याहून वाईट. हेतलच्या चित्रातलं मधलं फूल मी काढलं होतं. ऑगस्टमध्ये, तास सुटल्यावर. तिचं वर्तुळ एका बाजूला किंचित बसलं होतं. मी म्हटलं "थांब, दाखवतो," आणि दाखवता दाखवता पुरं केलं. दरवर्षी कुणाचं तरी करतो. त्याला मी कधी मदत म्हटलं नाही, शिकवणं म्हटलं. गेल्या आठवड्यात हेतलनं विचारलं. सभागृहाच्या भिंतीवर यादी लावली होती, तिथे तिनं तो शेरा वाचला होता. म्हणाली, "सर, त्या कपड्यांच्या चित्रात मदत दिसली म्हणून बाद केलं ना? मग माझं फूल?" वर्ग भरलेला होता. मी म्हटलं, नंतर बोलू. ती म्हणाली, "मला ते चित्र आवडलं होतं. मी घरी जाऊन तसं करून बघितलं. नाही जमलं." आणि प्रमाणपत्र माझ्या टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली. त्याच संध्याकाळी तुझं भट्टीवरचं पत्र आलं.

काल मंडळाला लेखी दिलं आहे. दोन्ही गोष्टी लिहिल्या, शेऱ्याची आणि फुलाची. ह्यापुढे परीक्षक म्हणून मला बोलावू नये असंही. आमच्या मुख्याध्यापकांना प्रत दिली. धर्मेशभाई शाळेत आले होते. "साहेब, मुलीचं नाव गेलं ना," एवढंच बोलले, आवाज न चढवता, आणि मला ते जास्त लागलं. वर्गापुढे मीच सांगितलं, की चूक हेतलची नाही.

तू विचारलं आहेस, त्या माणसाला नक्की काय दिसलं. त्याला दिसलं, की आपल्याला आयुष्यात असं एकही काम जमलेलं नाही.

क्षमा मागत नाही. मागायची ती तुझ्याकडे नाही.

कमलाकांत


आश्रमशाळा
२९ डिसेंबर २०२४

कमलाकांत,

मला माहीत होतं.

अठरा नोव्हेंबरला चित्रं शाळेत परत आली. मागं चिठ्ठी होती. तुझा 'श' मी आंधळा झालो तरी बोटानं ओळखीन. भट्टीवर गेलो तो हे माहीत असताना. तुला "कोण रे" म्हणून विचारलं तेही माहीत असताना. बघत होतो. तू आणखी एक खोटं लिहिलं असतंस तर हे पत्रही आलं नसतं.

त्या आठवड्यात तू समोर असतास तर हात उचलला असता.

पण मी दुसरंही सांगतो, नाहीतर मीही तुझ्याच पंक्तीला बसेन. नावं झाकलेली असतात हे तू मला जुलैत कळवलं होतंस. मग मी चित्राचं एवढं वर्णन तुला का लिहिलं? शिकवायची रीत म्हणून नाही. प्रत्येक ओळ लिहिताना तुझं तोंड डोळ्यांसमोर आणत होतो. तो सोमवार आठवत नाही म्हणालो, तेही खोटं. चांगला आठवतो. तुझी ए ग्रेडची बेरीज दर वर्षी वाचून मला जे होतं, ते मी पोरीच्या कागदावरून परत करत होतो. तिला मधी घालून आपण दोन म्हातारे एकमेकांना टोचत बसलो. शेरा लिहिलास तू, पण लिहायची जागा मी दाखवली.

मंडळाचं पत्र आलं. शेरा रद्द, शिबिरात जागा. मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेच्या वेळी वाचलं. भावेशनं टाळ्या वाजवल्या. पण जिच्यासाठी वाचलं ती नव्हती. म्हणून मी परत भट्टीवर गेलो, आणि तिथं तिच्या आईबापापुढं, विटांच्या रांगेत उभा राहून वाचलं. मंगळीनं ऐकलं. मग विचारलं, "लिवनारा कोन?" मी खरं सांगितलं. माझा मित्र, म्हटलं.

संक्रांतीनंतर ती शाळेत येते म्हणाली. जिव्या सोडतो म्हणाला. पण तिची एक अट आहे. ती तीच तुला कळवेल. मी सांगणार नाही.

पंढरी


आश्रमशाळा
२० जानेवारी २०२५

कमलाकांत चुरी सरांना मंगळीचा नमस्कार.

सर, तुमी लिवलां का माजा चित्र आमच्या सरांनी काडला. मंग कागद आला का नाय काडला. कागद तर पयला पन आलता. कागदाचा मला काय कळत नाय.

तुमी हितं या. मी तुमच्यासमोर काडते. आमचे सर खोलीत नाय पायजे. मी त्यांना सांगतलाय. तुमी एकटे बसा आनि बगा. विषय तुमी द्या, हितं आल्यावर. आदी सांगू नका.

शनवारी सकाळची शाला असते. शनवारी या.

मंगळी जिव्या, इयत्ता नववी


बोईसर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय पंढरी,

काल तू विहिरीपाशी बसला होतास आणि आत काय झालं ते तिनं तुला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून लिहितो.

मी आत गेलो तेव्हा बाकं भिंतीला लावलेली होती, मध्ये सतरंजी. मंगळीनं दप्तर माझ्यापुढे उपडं केलं. "बगून घ्या सर. आत काय काडलेला नाय." मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "बगा." मी वहीन् वही उघडून पाहिली. मग तिनं दोन्ही हात पुढे केले, ते पण बघायला. बोटांवर विटांचे घट्टे आहेत.

"विषय द्या."

एसटीत मी पाच विषय ठरवले होते. एकही आठवेना. दाराबाहेर शेजारच्या वर्गातल्या मुलांच्या चपलांचा खच पडला होता. मी म्हटलं, "चपला."

ती दारात जाऊन उभी राहिली, बराच वेळ. मग येऊन बसली आणि काळा कागद कापायला घेतला. पट्टी नाही, पेन्सिलनं आखणं नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात चपलांची दाटी लावली, एकीवर एक. तिथून वर उजवीकडे जाणारी एक रांग, जोडी, जोडी, जोडी. मला वाटलं होतं ती पुन्हा कडेला काहीतरी रंगीत ठेवील. ठेवलं नाही. एकदा केलेलं तिनं दुसऱ्यांदा केलं नाही.

पण रांग फसली. सगळ्या जोड्या सारख्या अंतरावर, कवायतीसारख्या. चित्र मेलं. काय चुकलं ते मला दिसलं आणि माझा हात उठला. खरंच उठला, पंढरी, मला कळायच्या आत. तिनं मान वर न करता म्हटलं, "सांगू नका." मी हात मांडीखाली घेऊन बसलो, शाळकरी मुलासारखा.

ती अर्धा तास नुसती बघत बसली. मैदानात मुलं खो-खो खेळत होती. मग तिनं रांगेतल्या तीन चपला उचकटल्या. चिकटलेल्या, सुकत आलेल्या. कागदावर खळीचे डाग राहिले. आणि रांग चालायला लागली.

"आता बोला," म्हणाली.

मी म्हटलं, "मला दोन काढाव्याशा वाटल्या होत्या. एक जोडी. तू तीन काढल्यास. मी चुकलो असतो."

"दोन काडल्या असत्या तर एक पोर घरी गेला," ती म्हणाली. "तीन काडल्या, म्हनजे दुसरा एक पायात एकच चप्पल घालून पलाला. का पलाला, ते बगनारा इचारेल ना."

मी तिला सांगितलं, की मी खोटं लिहिलं होतं, लिहिताना मला माहीत होतं, आणि त्यात तिचा काही संबंध नव्हता. ती म्हणाली, "माजा संबंद नाय कसा? नाव माजा वाचला." ती कागदाचे कपटे गोळा करायला लागली. मी मदतीला वाकलो, तर त्याला नाही म्हणाली नाही. दोघांनी मिळून सतरंजी झाडली.

शिबिराचं विचारलं. म्हटलं, मे महिन्यात मी पालघरच्या स्टँडवर न्यायला येईन. "नको. माजी आई येल." मग विचारलं, "ती पोरगी येल का, तुमची? सरांनी सांगतली ती फुलवाली?" मी म्हटलं, तिनं प्रमाणपत्र परत केलं, पण शिबिराला तिनं यावं म्हणून मी मंडळाला विनंती केली आहे. ती म्हणाली, "येऊ द्या. गोल मला येत नाय. ती शिकवेल." सोमवारी हेतलला सांगणार आहे.

चित्र तिनं मला दिलं नाही. मी मागितलंही नाही.

फाटकापाशी तू विचारलंस, "कशी वाटली पोर?" आणि मी म्हटलं, "चांगली आहे." तेवढ्यात एसटी आली. पण ते खरं नव्हतं, आणि तुला आता अर्धवट काही लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. तीन तास मी तिच्या हातांकडे बघत होतो आणि मला ते सहन होत नव्हतं. ह्या खेपेला तुझ्यामुळे नाही, तू विहिरीपाशी होतास, तुझी आठवणही नव्हती. चौदा वर्षांच्या मुलीचा मी हेवा करत होतो. आणि तरी ती चपला उचकटत असताना बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, तेव्हा मला वाटलं, हिनं उठू नये.

कमलाकांत